ई-रीडरवरचे माझे एक वर्ष आणि हरवलेला अर्धा ‘र’

१० जानेवारीला घेतलेला माझा ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तके वाचायचे यंत्र, १९ डिसेंबरला पिशवीतल्या डब्याखाली दबून फुटला. त्यानंतर चार दिवस ग्राहकसेवेशी वाद घालून, हरून, मी वर्षभराचा हिशेब मांडायला बसलो, तेव्हा लक्षात आले की यंत्राचा अनुभव आणि वाचनाचा अनुभव आता वेगळे काढता येण्यासारखे राहिलेले नाहीत. म्हणून दोन्ही एकत्रच लिहीत आहे. पडद्याचा आकार, साठवणक्षमता, पाण्यापासूनचे संरक्षण ही माहिती सर्वत्र उपलब्ध आहे, ती येथे पुन्हा देत नाही. कंपनीचे नावही देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार, पुढे दिसेलच, कंपनीपाशी थांबत नाही.

मी अमळनेरला राहतो आणि जळगावच्या एमआयडीसीतील एका डाळमिलमध्ये हिशेब लिहितो. रोज सकाळी गाडीने धरणगाव, पाळधी करत जळगाव आणि संध्याकाळी तसेच परत, हा माझा वाचनाचा हक्काचा वेळ. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या अमळनेरला झाले, तेव्हा गावाची इभ्रत राखायची म्हणून मी ऐपतीपेक्षा जास्त पुस्तके घेतली आणि पुढच्या वर्षभरात त्यांतली दोनच वाचली. कारण आळस नव्हता. मोतीबिंदू काढल्यापासून बारीक टाइप हलत्या डब्यात वाचवत नाही. अक्षर मोठे करता येते, एवढ्या एका गुणासाठी १०,४९९ रुपये मोजले. नऊशे रुपयांचे कव्हर मात्र घेतले नाही. त्याचे काय झाले ते शेवटी येईलच.

पहिले सहा आठवडे निव्वळ आनंदाचे होते. या पडद्यात काळ्या आणि पांढऱ्या कणांच्या सूक्ष्म कुप्या असतात, विद्युतभार बदलला की कण वर-खाली होतात, आणि एकदा पान उमटले की ते तसेच ठेवायला वीज लागत नाही. त्यामुळे चार्जिंग महिन्यातून दोनदा केले तरी पुरत असे. खिडकीतून येणाऱ्या उन्हात मोबाइल काळाठिक्कर दिसतो, तेथे हा कागदासारखा स्पष्ट दिसे. शेजारी बसणारे एक आबा रोज निरखून पाहत आणि एकदा न राहवून म्हणाले, ‘पुस्तक बी आते चार्ज करनं पडस का भो?’ मी त्यांना अभिमानाने पान उलटून दाखवले.

वाचनाचा पहिला उंचवटाही याच काळातला. साने गुरुजींना जाऊन साठाहून अधिक वर्षे झाल्याने त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपला आहे, त्यामुळे ‘श्यामची आई’ फुकट मिळाली. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलेले हे पुस्तक, ज्या गावात गुरुजींनी शिक्षक म्हणून वर्षे काढली त्या गावात राहून, मी शाळेनंतर उघडलेच नव्हते. शाळेत त्यातली आई फार रडवते एवढेच कळले होते. आता बापाच्या वयाला पोहोचल्यावर कर्जाची, जप्तीची, घर मोडत जाण्याची बाजू अधिक जाणवली. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला कर्ज कसे चढत जाते ते कुणी समजावून सांगावे लागत नाही. धरणगाव कधी गेले ते दोन दिवस कळले नाही.

आणि याच पुस्तकात मला पहिल्यांदा ‘दुसर्या’ दिसले.

‘दुसऱ्या’ असा शब्द आहे. त्यातला ‘र’ अर्धा असतो, विळ्याच्या पात्यासारखी छोटीशी खूण होऊन तो ‘य’च्या अलीकडे बसतो. माझ्या फाईलमध्ये तो उडून ‘य’च्या डोक्यावर रफार होऊन बसला होता. एका ठिकाणी असते तर सोडून दिले असते, पण ‘तिसर्या’, ‘बिचार्या’, ‘वार्यावर’ अशी रांगच लागली. ज्यांना हा फरक किरकोळ वाटतो त्यांनी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. एक समुद्र आहे, दुसरे सह्याद्रीत असते. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांतला फरक लग्नघरात तरी चालवून घेतला जात नाही.

फुकटच्या फाईलला नाव ठेवू नये म्हणून गप्प बसलो आणि १६५ रुपयांची एक कादंबरी विकत घेतली. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर मात्र ५ टक्के आहे, म्हणजे सरकारने कागदाला माफ केलेला कर मी हवेसाठी भरला, आणि तरीही दुसऱ्याच पानावर ‘दुसर्या’ हजर. त्या दिवसापासून माझे वाचन बिघडले. मी गोष्ट वाचेनासा झालो, चुका वेचू लागलो. वहीत पान लिहावे तर या फाईलला पान क्रमांकच नव्हते, फक्त टक्केवारी होती, म्हणून ‘३४ टक्के, वरून पाचवी ओळ’ अशा नोंदी झाल्या. ती कादंबरी संपली तेव्हा वहीत १३७ चुका होत्या आणि नायिकेचे शेवटी काय झाले हे मला सांगता आले नसते. मार्चअखेर असल्याने त्या महिन्यात दुसरे काही वाचलेही गेले नाही.

या दोन महिन्यांत मी यंत्राला आणि कंपनीला मनसोक्त शिव्या दिल्या, त्या येथे रीतसर परत घेतो. मुलगी पुण्याहून सुटीवर आली, तेव्हा तिने मोबाइलवर ‘दुसऱ्या, दऱ्या, आचाऱ्यांना’ असे टंकून ती फाईल यंत्रावर पाठवली, तर तिन्ही शब्द सोन्यासारखे स्वच्छ उमटले. यंत्र निर्दोष होते. तिने समजावले ते असे: युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’ला ०९३१ हा स्वतंत्र क्रमांक आहे, त्याला हलन्त आणि ‘य’ जोडला की अर्धा ‘र’ नीट होतो. पण पुष्कळ जण साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा एक जोडक घालून तेच रूप मिळवतात. फाईल एका साच्यातून दुसऱ्या साच्यात जाताना तो न दिसणारा जोडक गळून पडतो, आणि मागे उरतो तो रफार. छपाईच्या जुळणीसाठी वापरलेल्या जुन्या डीटीपी फॉन्टमधले मजकूर युनिकोडमध्ये आणताना तर हे सर्रास होते. थोडक्यात, जो दिसत नव्हता तोच सगळा भार वाहत होता. आमच्या मिलमध्येही असे एक-दोन जण आहेत.

मग मी १३७ चुकांची यादी प्रकाशकाला ई-मेलने पाठवली. उत्तराची अपेक्षा नव्हती. पाच आठवड्यांनी फोन आला, पलीकडे वयस्कर आवाज होता, ‘आपण हिशेबनीस आहात का?’ असा पहिला प्रश्न. टक्केवारी आणि ओळीनिशी केलेल्या नोंदींवरून त्यांनी ओळखले म्हणे. फाईल बाहेरून करून घेतली होती, तपासणारा माणूस ठेवणे परवडत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले, आणि जूनच्या अखेरीस दुरुस्त आवृत्ती माझ्या यंत्रावर आपोआप आली. १३७ पैकी १३१ चुका गेल्या होत्या. वर्षभरात या यंत्राने दिलेला सर्वांत मोठा आनंद कोणता, असे कुणी विचारले तर ती संध्याकाळ. कादंबरी मी पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि ती चांगली होती.

येथून पुढे यंत्राबद्दल मत चांगले होत गेले तरी एक गोष्ट सुटली नाही. प्रमाण मराठीत ‘दुसर्या’ दिसले तर सरावाने डोळा ते दुरुस्त करून घेतो. बोलीत तसे होत नाही. आमच्या अहिराणीत ‘काय करी ऱ्हायना’ यात हा अर्धा ‘र’ वाक्यागणिक येतो, आणि शेतात उभ्या राहिलेल्या कापसाच्या काड्यांना इकडे पऱ्हाट्या म्हणतात. ‘र्हायना’, ‘पर्हाट्या’ असे छापले तर नाशिक-पुण्याकडचा वाचक ते चूक म्हणून ओळखणारच नाही, खानदेशात असेच म्हणत असतील असे समजून पुढे जाईल. मला बहिणाबाईंच्या काही गाण्यांची कुणी तरी टंकलेली फाईल मिळाली होती, ती तीन पानांवर बंद केली. ज्या बाईला लिहिता येत नव्हते, जिची गाणी घरच्यांनी ऐकून उतरवून घेतली म्हणून ती गेल्यानंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, तिच्या तोंडचे अक्षर फाईल बदलताना सांडावे, हे मला सहन झाले नाही. गाणी मी कपाटातल्या जुन्या प्रतीतूनच, भिंग घेऊन वाचली.

पावसाळा वाचनाच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत मोठा खड्डा ठरला, आणि त्याला अर्धा ‘र’ जबाबदार नव्हता. यंत्रावरच्या ई-पुस्तकांच्या दुकानातून नमुना प्रकरणे फुकट उतरवून घेता येतात, हे मला जुलैमध्ये कळले. फुकट म्हटल्यावर हात आवरला नाही आणि सप्टेंबरपर्यंत मी ४१ पुस्तकांची पहिली प्रकरणे वाचली. म्हणजे ४१ लग्नांना जाऊन फक्त सरबत पिऊन आलो. शिवाय त्याच दुकानाची दरमहा १६९ रुपयांची वर्गणी तीन महिने भरली, कारण पैसे भरले आहेत तर वाचू असे वाटत होते. त्यातून पुस्तके संपली पाच. चौथ्या महिन्यात बायकोने ‘अहो, वाचनालयाची वर्गणी तरी बंद करा’ म्हटले, आणि मी उलट ही बंद केली.

वाचनालयाचे महिना ३० रुपये. तेथून ऑक्टोबरमध्ये ‘कोसला’ आणले. १९६३ चे पुस्तक, सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंगाचे. कॉलेजात असताना मित्रांना दाखवण्यासाठी वाचले होते, तेव्हा पुण्याचा भाग आवडला होता आणि गावाकडचा उरकला होता. या वेळी उलटे झाले. त्या प्रतीत आधीच्या कुणी तरी पेन्सिलीने समासात ‘खरे’ असे लिहिले होते, आणि पुढे चाळीस पानांनी त्याच अक्षरात ‘हेही खरे’. मी दिवाळीच्या सुटीत चार दिवसांत, दुपारी ओट्यावर बसून, ते संपवले. वर्षातले सर्वांत चांगले वाचन हेच, आणि ते १०,४९९ रुपयांच्या यंत्रावर झाले नाही, याची नोंद येथे प्रामाणिकपणे करतो.

आता पैशांचा हिशेब. यंत्र १०,४९९, विकत घेतलेली १४ पुस्तके २,३१०, वर्गणी ५०७, एकूण १३,३१६ रुपये. त्यावर पूर्ण वाचून झालेली पुस्तके १९, पैकी विकतची नऊ, वर्गणीतली पाच, फुकटची पाच. म्हणजे पुस्तकामागे ७०१ रुपये. वाचनालयाचे वर्षाचे ३६० रुपये आणि वाचलेली आठ पुस्तके, म्हणजे पुस्तकामागे ४५. यंत्र पाच वर्षे टिकले असते तर हा आकडा निम्म्यावर, कदाचित त्याहून खाली, आला असता. म्हणून टिकण्याविषयी.

१९ डिसेंबरला जळगाव आले तेव्हा एका वाक्याच्या मध्यात होतो. घाईत यंत्र बंद न करता तसेच पिशवीत सारले, त्यावर स्टीलचा डबा होता, त्यात भरीत आणि कळण्याची भाकरी, आणि उतरताना दारात मागून कुणाचे तरी पोते रेटले. आवाजही झाला नाही. कचेरीत काढून पाहिले तर खालच्या एक-तृतीयांश भागात काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा आणि वरचा भाग गोठलेला. बाहेरून एक ओरखडा नव्हता. आतला थर काचेचा असतो आणि तो दाबाने तडकतो, हे मला तेव्हा कळले.

ग्राहकसेवेचे म्हणणे असे की हमीला तीन आठवडे शिल्लक असले तरी ‘भौतिक नुकसान’ हमीत बसत नाही. दुरुस्ती करून मिळेल का, तर कंपनी दुरुस्ती करतच नाही. मी पैसे देतो म्हटले, तरी नाही. नवे यंत्र १५ टक्के सवलतीत देऊ. चार दिवसांत पाच वेगवेगळ्या व्यक्तींना मी डब्याची गोष्ट सांगितली आणि पाचही जणांनी आधी यंत्र बंद करून चालू करायला सांगितले. बाहेर दुकानात विचारले, तर नुसता पडदा मागवायचा खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जातो. ज्या वस्तूला हमीच्या काळातही दुरुस्ती नाही, तिची किंमत दुकानदाराने भाडे म्हणून सांगायला हवी होती.

तरीही कुणी विचारले तर घ्या असेच सांगेन, चाळिशीच्या पुढच्यांना तर नक्की, पण कव्हर त्याच दिवशी घ्या. मी स्वतः सवलतीची मुदत संपू दिली आहे आणि सध्या मोठ्या टाइपाची जी काही पुस्तके वाचनालयात आहेत ती वाचतो आहे. मेमध्ये एखाद्या विक्रीत भाव उतरला तर पाहू.

फुटलेले यंत्र टेबलाच्या खणात आहे. पान टिकवायला वीज लागत नसल्याने वरच्या आठ ओळी अजून जशाच्या तशा दिसतात, आणि त्यातली तिसरी ओळ ‘दुसर्या दिवशी सकाळी’ अशी सुरू होते. परवा मी तेथे काचेवर बारीक मार्करने रफार खोडून अर्धा ‘र’ काढून ठेवला.