उन्हाळी टायर आणि आपला पावसाळा: स्पोर्ट टायर वर्षभर वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना खाली यायला नको. गाडी ताकदीची असेल, पावसाळ्यात घाट आणि एक्स्प्रेसवे नेमाने होत असतील आणि चार टायरांना साठ-सत्तर हजार मोजताना पोटात गोळा येणार नसेल, तर स्पोर्ट टायर, म्हणजे युरोपात ज्यांना उन्हाळी टायर म्हणतात ते मऊ रबराचे, जास्त पकडीचे टायर, डोळे झाकून घ्या. रोजचं कोथरूड-हिंजवडी करायचं असेल तर राहू द्या. त्या ट्रॅफिकमध्ये कुठलाही टायर चालतो.

आता सविस्तर. गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230, सेकंडहँड घेतलेली. 230 पीएस ताकद, 350 एनएम टॉर्क (चाकं फिरवणारा जोर), आणि हे सगळं फक्त पुढच्या दोन चाकांवर. टायरचं माप 225/45 आर17, म्हणजे 225 मिलिमीटर रुंद आणि 17 इंची चाकाचा. आधीच्या मालकाने साधे टूरिंग टायर (पकडीपेक्षा आराम आणि टिकाऊपणा बघणारे) घातले होते. दिसायला बरे होते, पण दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला की पुढची चाकं जागच्या जागी फिरायची आणि डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाकांचं असं फिरणं आवरणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लुकलुकायला लागायचा. 2025 च्या फेब्रुवारीत चारही टायर बदलले. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. मिशेलिन पायलट स्पोर्ट, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट, ब्रिजस्टोन पोटेंझा, गुडइयर ईगल एफ1, योकोहामा अ‍ॅडव्हान या पंगतीतलाच एक आहे एवढं समजा. या सगळ्यांचा स्वभाव बराचसा एकसारखा असतो आणि मला लिहायचंय ते त्या स्वभावाबद्दल.

दुकानात एक गंमत नेहमीची. टायरची सगळी माहिती माझ्या नवऱ्याला सांगितली जाते. तो स्कूटरवाला माणूस, मान डोलावत राहतो. मी तोवर साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरचे, आकडे वाचते. तिथे ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याच्या शेवटी चार अंक असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. 3224 म्हणजे 2024 सालचा बत्तिसावा आठवडा. या मापाचा खप कमी, त्यामुळे गोडाऊनमध्ये पडून राहिलेला माल गळ्यात पडू शकतो. दोन-अडीच वर्षं जुना टायर ‘एकदम फ्रेश आहे, मॅडम’ म्हणून समोर येतो. आकडे दाखवल्यावर आतून दुसरे चार निघाले. दुसरी बघायची गोष्ट म्हणजे बसवताना ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आली की नाही. या टायरांची नक्षी दोन्हीकडे सारखी नसते. बाहेरच्या अंगाला मोठे, भरीव ठोकळे वळणावर भार घेतात आणि आतल्या अंगाच्या खोल खाचा पाणी बाहेर काढतात. उलटा बसला तर दोन्हींचा फायदा गेला. नवीन टायरवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सबुरीने जावं, साच्यातून निघतानाचा बुळबुळीतपणा वरच्या थरावर राहिलेला असतो.

वळणावरची मजा आहेच, पण ती पटकन उरकते. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला माहेरी जाताना गाडी स्टिअरिंगच्या हुकमात राहते. हात जेवढे वळतात तेवढीच वळते, वळणाच्या मध्यात दुरुस्ती करावी लागत नाही. बाजूला बसलेल्या आईला मात्र यात काही विशेष दिसत नाही. ‘हळू चालव’ ही तिची प्रतिक्रिया जुन्या टायरांवरही तीच होती.

पैसे वसूल होतात ते पावसात, आणि तेही ब्रेक मारताना. गेल्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळायला लागला, त्यामुळे परीक्षा लवकर झाली. एक्स्प्रेसवेवर पहिल्या पावसात रस्त्यावर तेल, धूळ आणि झिजलेल्या रबराचा जो राडा होतो तो सगळ्यांनाच माहीत आहे. खालापूरच्या अलीकडे मधल्या लेनमधून एक टेम्पो इंडिकेटर न देता समोर आला. मी पूर्ण ब्रेक दाबला. जुन्या टायरांवर अशा वेळी पायाखाली एबीएसची (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर लगेच सुरू व्हायची आणि गाडी थांबायच्या ऐवजी घसरतेय असं वाटायचं. या वेळी आधी सीटबेल्टने छातीला आवळलं आणि थरथर आली ती अगदी शेवटी. टेम्पोवाल्याला काही कळलंसुद्धा नाही.

हे नुसतं वाटणं नाही, गणित करून बघा. ओल्या रस्त्यावर एका टायरचा घर्षणांक (पकडीचं माप) 0.5 आणि दुसऱ्याचा 0.6 धरला, तर ताशी 100 वरून थांबायला पहिल्याला साधारण 79 मीटर लागतात आणि दुसऱ्याला 66. फरक तेरा मीटरचा, म्हणजे जवळपास तीन गाड्यांचा. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. ज्या जागी चांगल्या टायरची गाडी उभी राहिलेली असते, त्याच जागी दुसरी अजून ताशी 40 ने पुढे जात असते. शोरूममध्ये एअरबॅग किती ते सगळे विचारतात, ओल्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

पण साचलेलं पाणी ही वेगळी भानगड आहे. तिथे रबर कितीही चिकट असो, टायरखालचं पाणी खाचांमधून वेळेत बाहेर पडलं नाही तर टायर पाण्यावर तरंगतो, आणि रुंद टायर अरुंदापेक्षा लवकर तरंगतो. कात्रज-देहूरोड बायपासवर पुलाखालच्या तळ्यात एकदा स्टिअरिंग क्षणभर एकदम हलकं झालं. ब्रेक नाही, वळवणं नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी आपोआप जमिनीवर आली. महागडे टायर आहेत म्हणून डबक्यात सुसाट जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता उन्हाळा. मे महिन्यात नगर-शिर्डी करून समृद्धीवर चढलो आणि नागपूर गाठलं. पारा चाळिशीच्या बराच वर, सिमेंटचा सरळसोट रस्ता, वेगमर्यादा 120. टायर फुटण्याच्या बातम्यांमुळे घरच्यांनी आधीच कान भरले होते. 2023 मध्ये आरटीओने गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या समृद्धीच्या तोंडावरूनच परत पाठवायला सुरुवात केली होती, ते योग्यच होतं. माझ्या टायरांवर वेगाचं अक्षर ‘वाय’ आहे, म्हणजे ताशी 300 पर्यंतची उष्णता सोसायची क्षमता. 120 ला त्यांना घाम फुटायचं काही कारण नाही. अट एकच, हवा बरोबर हवी.

आणि इथे आपल्याकडचा लाडका गैरसमज. वाटेत पंपावरचा पोरगा म्हणाला, ‘ताई, ऊन लई आहे, चार पॉइंट कमी ठेवतो, नाहीतर फुटंल.’ नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल जास्त दुमडते, दुमडण्यातून उष्णता तयार होते, आणि शेवटी ती उष्णताच टायर फाडते. गरम झाल्यावर प्रेशर चार-पाच पॉइंट वाढतं हे कंपनीने आधीच धरलेलं असतं. ऑक्टाव्हियाचा आकडा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर छापलेला आहे. सकाळी, टायर गार असताना, तेवढी हवा भरायची आणि दिवसभर हात लावायचा नाही. गाडी भरलेली असेल तर त्याच स्टिकरवरचा मोठा आकडा. नायट्रोजन हवा असेल तर जरूर भरा, साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

आवाजाबद्दल फार तक्रार नाही. डांबरी रस्त्यावर शांत, सिमेंटवर घरघर, आणि ती ताशी 80 नंतर गाणी ऐकताना जाणवते. मऊ रबराला खडी चिकटते हा मात्र खरा वैताग. काम चालू असलेल्या रस्त्यावरून आलं की चाकाच्या कमानीत पुढचे पाच मिनिटं टकटक टकटक. पार्किंगमध्ये स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाचांमधली खडी काढत बसलेली बाई सोसायटीला आता सवयीची झाली आहे. ॲव्हरेज किंचित पडलं, पण ही गाडी कुणी ॲव्हरेजसाठी घेत नाही. डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरला निघाले तेव्हा पहिले काही किलोमीटर टायर जरा लाकडी वाटले. युरोपात पारा साधारण सात अंशांच्या खाली गेला की हे टायर उतरवून हिवाळी चढवतात, त्याची इथे नुसती झलक मिळते. वाईपर्यंत सगळं सुरळीत.

खरी दुखती जागा साइडवॉल. 225/45 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 45 टक्के, जेमतेम दहा सेंटिमीटर. जुलैत बाणेरहून येताना पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. आवाज असा आला की मागच्या सीटवरची पिशवी खाली पडली. पंक्चर नाही, हवा बरोबर, गाडी सरळ चालतेय. दुसऱ्या दिवशी गाडी धुताना हाताला लागलं, पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला अर्ध्या लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की तिथली हवा नुसत्या रबरावर दाब टाकते, त्याचा हा फुगा. याला पॅच नाही, दुरुस्ती नाही. ‘हळू चालवा, चालतंय’ म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

मग वरात सुरू. त्या नक्षीचा एकटा टायर शहरात शिल्लक नाही. जून 2020 मध्ये केंद्राने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून अशा कमी खपाच्या मापांचं कायम असंच आहे, आज आहे तर उद्या नाही. तोवर स्टेपनीवर. माझी स्टेपनी 205/55 आर16, उंचीत दोन-तीन मिलिमीटरचाच फरक, तरी रुंदी आणि रबर वेगळं. म्हणून ती मागे लावली, मागचा चांगला टायर पुढे घेतला आणि वेग आवरता ठेवला. विम्याने हात वर केले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही निम्मे. एवढ्या महागड्या टायरांवर पॉलिसीत टायर कव्हर वेगळं घ्यायलाच हवं, मी नूतनीकरणात घेतलं. जीएसटीचं दुःख वेगळं. मी घेतले तेव्हा 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. फुगलेला टायर निदान दोन महिने तरी थांबायला हवा होता.

झीज अपेक्षेप्रमाणे जलद. साइडवॉलवर ट्रेडवेअरचा आकडा (जितका मोठा तितका टायर टिकाऊ) तीनशेच्या आसपास आहे, साध्या टूरिंग टायरचा बहुधा चारशे-पाचशे असतो. पंधरा-सोळा हजार किलोमीटर झाले, मध्ये एकदा पुढचे मागे केले, तरी पुढच्या चाकांवर खाचांच्या आठ मिलिमीटर खोलीतले साडेचारच उरलेत. खड्ड्यानंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं नसतं तर आतली कड केव्हाच खाऊन झाली असती. ती वरून दिसत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवून वाकून बघावी लागते.

कायद्याने खाचांची खोली 1.6 मिलिमीटरपर्यंत उरलेली चालते. पण तीनच्या खाली गेलेल्या टायरवर ओल्या रस्त्यावरचा ब्रेक झपाट्याने लांबतो, आणि मी हे टायर घेतलेच त्या ब्रेकसाठी. त्यामुळे मेअखेरीस गेज लावून बघणार. पुढची जोडी तीनच्या जवळ दिसली तर जूनच्या आत नवी, मग उरलेलं रबर वाया गेलं तरी चालेल. दुकानदाराला आत्ताच सांगून ठेवलंय, या वेळी थेट मला.