काकवी एक नंबर, लेबल नापास

मेअखेरीस कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून काकवीची 1 किलोची काचेची बाटली आणली. 180 रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काकवी चांगलीच आहे, माझं भांडण लेबलाशी आहे आणि तसली लेबलं निम्म्या बाजारात चिकटवलेली आहेत.

आधी चवीचं बोलू. बाटली उजेडात धरली की तांबूस दिसते, काळी नव्हे. काळीकुट्ट काकवी बघितली की मला शंका येते, उकळत्या रसावरची मळी नीट काढली नसावी नाहीतर काहिलीत तळाला लागली असावी. हिच्यात गाळ नाही, जिभेला जळका चटका नाही, शेवटी उसाचा कच्चा वास किंचित राहतो. गरम चपातीवर तूप आणि वरून ही काकवी, एवढ्यावर आमच्या घरी जून निघाला. धाकटा तर आंबोळीबरोबर भाजी मागायचाच विसरला.

जुलैत पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली, त्याच आठवड्यात एका सकाळी झाकण फिरवलं आणि सोड्याच्या बाटलीसारखं फस्स झालं. वर बोटभर मातकट फेस आणि वास आंबलेल्या नीरेचा. बाटली दीड महिना ओट्यावर, गॅसपासून दोन हातांवर उभी होती. निम्मी शिल्लक होती.

आत्ती (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, "आमची काकवी वर्षभर बरणीत ऱ्हायची. तवा कुठला आलाय फ्रीज?" त्यांचं खोटं नाही. मी शिवाजी विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. केलं, मग वीस वर्षं संसार केला. पण त्या दिवशी जुनं शिक्षण कामाला आलं.

लोक मध आणि काकवी एकाच पंगतीला बसवतात, तिथंच गफलत होते. मधात पाणी 20 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, तसा नियमच आहे. काकवीत ते 30 टक्क्यांच्या पुढं असतं. गूळ करताना रस 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत आटवतात. काकवी त्याआधीच, साधारण 105-106 ला उतरवतात, म्हणून ती पातळ राहते. एवढ्या साखरेत पोटाला त्रास देणारे बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत, साखर त्यांचंच पाणी ओढून घेते. पण यीस्टच्या काही जाती असल्या चिवट की त्यांना गोडाचं काही वाटत नाही. त्या साखर खातात, गॅस सोडतात, थोडी दारूही करतात. माझं फस्स ते हेच. त्यात कोल्हापूरचा जुलै, चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. गोड पदार्थ हवेतला ओलावा ओढतो, वरचा थर पातळ होतो आणि आंबायला सुरुवात तिथूनच होते.

आत्तींच्या माहेरी शेतावर स्वतःचं गुऱ्हाळ होतं. घरची काकवी गुळव्याला (गूळ करणाऱ्याला) सांगून जरा जास्त आटवून घ्यायचे, चिनी मातीच्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचे आणि आत जायची ती फक्त कोरडी पळी. आमच्याकडं धाकट्यानं दुधात ढवळलेला चमचा थेट बाटलीत घातलेला मी स्वतः बघितलाय. त्यामुळं निम्मा दोष आमचा, हे कबूल.

उरलेला निम्मा लेबलाचा. पुढं ठळक अक्षरात लिहिलंय, 'प्रिझर्व्हेटिव्हविरहित'. छान. मग त्याचा परिणाम काय, तेही तेवढ्याच ठळक सांगा की! मागं किमतीचं स्टिकर नखानं खरवडल्यावर मुंगीएवढ्या अक्षरात सापडलं, 'उघडल्यानंतर थंड जागी ठेवावे'. थंड जागा म्हणजे कुठली हो? आत्तींच्या लेखी माळा, ह्यांच्या लेखी पाण्याच्या माठाशेजारी. फ्रीज म्हणायला काय जातं? 'बेस्ट बिफोर 12 महिने' हे सीलबंद बाटलीचं झालं, उघडल्यावर किती दिवस याबद्दल एक शब्द नाही. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) 14 आकडी परवाना नंबर, बॅच, तारीख मात्र सगळं जागच्या जागी.

घरातच चॉकलेट सिरपची बाटली होती, वाढदिवसाची उरलेली. तिच्यावर आयएनएस 202, म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट हे प्रिझर्व्हेटिव्ह. बुरशी आणि यीस्ट दोघांनाही आवरतं. तरीही 'उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा' असं स्वच्छ लिहिलेलं. याला म्हणतात लेबल. क्रीम घातलेला कॅरॅमल सॉस तर ओट्यावर ठेवूच नये, त्यात दूध आलं. आणि भेळेची चिंच-गुळाची चटणी आंबट आहे म्हणून टिकेल असं समजू नका. तिच्यात पाणी भरपूर असतं, मी ती फ्रीजमध्ये ठेवूनही आठवड्यात संपवते.

दुकानदाराला सांगायला गेले तर म्हणाला, "वैनी, काय हुत न्हाई ओ, उकळून घ्या आनि खावा." उकळून यीस्ट मरेल, पण आंबलेली चव कुठं जाणार? आणि बुरशीची तार दिसली तर वरचं काढून खालचं वापरणं पातळ पदार्थात अजिबात करू नये. मी बाटली पेरूच्या बुंध्याशी ओतली.

तरी तिथूनच परत घेतली, त्याच कंपनीची, या वेळी अर्ध्या किलोची. आल्या दिवसापासून फ्रीजच्या दारात, चमचा बंद, छोट्या वाटीत ओतून घ्यायची. दोन महिने होत आले, वास-चव जशीच्या तशी. घट्ट होते हे खरं, चपातीच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढावी लागते. तळाला साखरेचे खडे धरलेत, तो बिघाड नव्हे. बाटली कोमट पाण्यात उभी केली की विरघळतात.

चवीला पाच तारे, काचेच्या बाटलीला चार, लेबलाला एक, तोही बॅच नंबर वाचता आला म्हणून. पावसाळ्यात घेणार असाल तर किलोची घेऊ नका, माणसं दहा असली तरच.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की मी थेट तिकडूनच आणणार आहे, जरा जास्त आटवलेली. आत्तींनी माळ्यावरची बरणी आत्ताच काढून घासून ठेवलीय, आणि येताना गाडीत ती मांडीवर घेऊन त्याच बसणार आहेत.