हँडलला लावायचे मफ: दिसतात बेंगरूळ, पण बोटं वाचवतात

निफाडकडच्या माणसाला थंडी समजावून सांगायची गरज नाही. २०१८ च्या डिसेंबरात इथे पारा १.८ वर आला होता, द्राक्षवाले घड तडकतील म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवत होते. तेवढं काही दरवर्षी होत नाही, पण ६-७ डिग्री म्हणजे आमच्याकडे कुणी बातमीसुद्धा म्हणत नाही. आता ज्याची फर्स्ट शिफ्ट नाशिकच्या सातपूर नाहीतर अंबड एमआयडीसीत आहे त्याने काय करायचं, तर पहाटे साडेपाचला १२५ ची गाडी बाहेर काढायची, चोक देऊन दोन मिनिटं फुरफुरत ठेवायची आणि चांदोरी, ओढा करत नाशिक गाठायचं. जॅकेट, कानटोपी, वर हेल्मेट, आतून थर्मल, सगळं असतं हो अंगावर, पण चांदोरीच्या पुढे गेलं की बोटं आपली राहत नाहीत. क्लच दाबतोय का नुसता पकडलाय ते कळत नाही आणि गेटवर आयकार्ड काढायला दुसऱ्याला सांगावं लागतं.

त्यासाठी हे मफ घेतले, म्हणजे गाडीच्या हँडलवर चढवायच्या पिशव्या. उत्तरेत, पंजाब-दिल्लीकडे, दूधवाल्यांपासून सगळ्यांच्या गाड्यांना हे दिसतात, आपल्याकडे फारसं कुणी लावत नाही, दुकानात विचारलं तर लोक हँडग्रिप दाखवतात. मी ऑनलाइन मागवले, जोडी ४०० च्या आत. बाहेरून काळं रेक्झिन, आतून पांढरं लव असलेलं अस्तर, आरशाच्या दांडीसाठी वर एक चीर आणि आतल्या बाजूला आवळायला वेल्क्रोचा पट्टा. हँडलच्या टोकावरून चढवायचे, क्लच-ब्रेकचे लिव्हर, बटणं सगळं आत जातं आणि आपण मागच्या तोंडातून हात घालायचा. बस एवढंच. दिसतं कसं म्हणाल तर पार्किंगमधल्या एकाने विचारलं, गाडीला दोन कोंबड्या कशाला बांधल्यात. बोलू द्या.

आता हे चालतं का, तर चालतं, आणि का चालतं ते जरा सांगतो कारण त्यातच सगळी गोम आहे. मोबाईलवर ५ डिग्री दिसते ती उभ्या हवेतली. ६० च्या स्पीडने गेलात की उघड्या कातडीला ते जवळपास उणे २ सारखं लागतं, १० डिग्री असेल तर ५ सारखं. वारा अंगाजवळची गरम हवा टिकूच देत नाही. आणि हात तर सगळ्यात पुढे, त्यांच्या आड काहीच नाही. त्यात बोटांत स्वतःचे स्नायू जवळजवळ नसतातच, बोटं हलवणारे स्नायू असतात कोपराखाली, त्यामुळे तिथे गरमी तयार होत नाही, जी येते ती रक्ताबरोबर. आणि अंग गारठलं की शरीर पहिलं काम हे करतं की हातापायाचं रक्त आवळून घेतं, कारण त्याला आतली इंजिनं सांभाळायची असतात. म्हणून बोटं आधी जातात.

म्हणजे नुसतं जाड काहीतरी घालून उपयोग नाही, वारा अडला पाहिजे. रस्त्यावर मिळणारे लोकरीचे हातमोजे उभं राहायला बरे, गाडीवर त्यातून वारा आरपार जातो आणि नदीकाठी धुकं लागलं की ते ओले होऊन आणखी गार करतात. जाळीचे रायडिंग ग्लोव्हज तर उन्हाळ्यासाठीच असतात, दिसायला भारी म्हणून थंडीत घालणारे भरपूर आहेत. हिवाळी वॉटरप्रूफ ग्लोव्हज चांगले असतात पण अडीच-तीन हजाराच्या पुढे, शिवाय एवढे जाड की डिपर मारायला गेलं की हॉर्न वाजतो. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, ग्लोव्हज घट्ट घेऊ नका. आत दोन मोजे कोंबून घातले तर रक्तच पुढे जात नाही आणि बोटं अजून लवकर बधिर होतात.

मफमध्ये उलटं आहे. बाहेर वारा अडतो, आत हवेला जागा राहते आणि हातात साधा पातळ मोजा असला तरी पुरतो. मी आता फक्त पातळ कातडी मोजे घालतो, बोटांना ग्रिप नीट लागते, बटणं चाचपून कळतात. नाशिकला पोचेपर्यंत हात गरम असतात असं म्हणणार नाही, पण बोटं आपली असतात, गेटवर आयकार्ड स्वतः काढता येतं. ४०० रुपयात अजून काय पाहिजे.

पण हे आले तसे लावून हायवेला जाऊ नका, इथे मी गंभीर आहे. पातळ रेक्झिनचे मफ ५० च्या पुढे वाऱ्याने मागे दाबले जातात आणि थेट लिव्हरवर येऊन टेकतात. उजवीकडे ब्रेक लिव्हर जरा जरी दाबलेला राहिला की ब्रेक घासत राहतो आणि लिव्हरला ब्रेकलाईटचा स्विच असलेल्या गाडीला मागचा लाल लाईट पेटलेलाच राहतो, मागच्याला कळतच नाही तुम्ही खरं कधी थांबताय. डावीकडे क्लच अर्धवट दाबून राहिला तर क्लचप्लेटची वाट. मी सीट कव्हरवाल्याकडे नेले, त्याने प्लास्टिकच्या जुन्या कॅनचा बोटभर रुंद पट्टा कापून पुढच्या बाजूला अस्तर आणि रेक्झिनच्या मध्ये शिवून दिला, शंभर रुपये घेतले. आता पुढची बाजू कमानीसारखी ताठ राहते आणि लिव्हरला शिवत नाही. ज्यांच्या गाडीला हँडगार्ड आहेत, एक्सपल्स वगैरे, त्यांचं काम सोपं, गार्डवरून मफ चढवला की आपोआप ताठ राहतो. नुसत्या गार्डने मात्र मुठीची पुढची बाजू वाचते, बोटांची टोकं नाही वाचत.

लावल्यावर गाडी स्टँडवर ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. टाकीला अडकतंय का, ॲक्सिलेटर सोडल्यावर मूठ स्वतःहून मागे येते का. माझ्या उजव्या मफचा वेल्क्रो जास्त आवळला की मूठ अडकत होती, तो मी ढिलाच ठेवतो. आणि हात पटकन बाहेर येतो का ते चारदोनदा करून बघा. तोंड मनगटाला आवळून घ्यायची दोरी असलेले पण मिळतात, ते घेऊ नका, पडायची वेळ आली तर हात सुटला पाहिजे. गावातल्या ट्रॅफिकमध्ये मला हे अजिबात आवडत नाहीत. हात दाखवायचा, हेल्मेटची काच पुसायची, सारखं आत-बाहेर, आणि परत घालताना क्षणभर लिव्हर कुठंय ते शोधावं लागतं. समोरून ओळखीचा रामराम घालून जातो, आपला हात निघेपर्यंत तो आडगावला पोचलेला असतो. लांब, सरळ, गार रस्ता असेल त्याचं हे काम.

हीटेड ग्रिपचं, म्हणजे बॅटरीवर गरम होणाऱ्या मुठींचं, काही जण सुचवतील. मोठ्या गाडीला जरूर लावा, मजा आहे. पण त्या फुल्लवर ३-४ अँपिअर खातात आणि आपल्या १००-१२५ च्या गाड्यांना बॅटरीच ३-४ अँपिअर-अवरची, चार्जिंग बेताचं, त्यात हेडलाईट कायम चालू. सकाळी सेल्फ मारायला गेलात की टकटक आवाज येणार. शिवाय तळवे भाजतात आणि बोटांच्या पाठी गारच, कारण वारा समोरून येतोय.

मफ लावूनही हात गार पडत असतील तर छातीकडे बघा. जॅकेटची चेन पुढून वारा आत घेत असेल तर हाताला काहीही लावा, फरक पडत नाही. आत वर्तमानपत्राच्या दोन घड्या सरकवणं हा जुना उपाय आजही चालतो. मनगटाजवळ बाही आणि मोज्याच्या मध्ये फट राहता कामा नये, तिथूनच सगळं आत शिरतं. आणि बोटं बधिर झालीच तर टपरीवर थांबून सायलेन्सरला हात लावायला जाऊ नका, बधिर बोटाला चटका कळत नाही, कळतो तेव्हा फोड आलेला असतो. दोन्ही हात खांद्यापासून गोल फिरवा, रक्त बोटांपर्यंत फेकलं जातं. मग मुंग्या येतात, दुखतं पण, तेवढं सोसा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर रेक्झिनची शिवण आरशाच्या चिरीपाशी उसवायला लागलीय, टाके मारून घेईन. दवाचं पाणी अस्तरात मुरतं, कंपनीत गेलं की मफ उलटे करून उन्हात ठेवावे लागतात नाहीतर कुबट वास सुटतो. रात्री गाडी शेडमध्ये असेल तर सकाळी हात घालायच्या आधी मफ बाहेरून दाबून, झटकून घ्या. आमच्याकडे मळ्यात विंचू निघतात, आणि एवढी ऊबदार जागा त्यांना दुसरी मिळणार नाही.

स्कूटरवाल्यांनी जरा विचार करून घ्या, तिथे दोन्ही बाजूला ब्रेकच असतात, त्यामुळे ते ताठ पट्ट्याचं काम दोन्ही मफना करावंच लागेल. माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो कंपनीने पट्टा स्वतः घातला नाही म्हणून, दहा रुपयाचं प्लास्टिक ते.