अँड्रॉइड वर्क प्रोफाइल: स्टाफच्या स्वतःच्या फोनसाठी घ्यावं का?

आमची नाशिकची औषध वितरणाची कंपनी. एमआर (डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारे प्रतिनिधी) मंडळी स्वतःचेच फोन वापरतात आणि त्याच फोनात डॉक्टरांच्या याद्या, स्टॉकिस्टचे रेट, ऑर्डरचे मेल असतात. हे फोन सांभाळायचं काम माझं. आम्ही अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल मायक्रोसॉफ्ट इंट्यूनमधून, म्हणजे ऑफिसात बसून फोनांना नियम लावायच्या सेवेतून, चालवतो. माझं मत सरळ आहे: फोन स्टाफचा असेल तर हेच घ्या.

ही सोय 2014 च्या अँड्रॉइड 5 पासून आहे. फोनमध्ये ऑफिसचा वेगळा कप्पा तयार होतो, त्यातल्या अ‍ॅपवर छोटी ब्रीफकेस दिसते. तसा नियम लावला की कप्प्यातले रेट कॉपी करून बाहेरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट होत नाहीत. संध्याकाळी काम संपलं की कप्पा बंद ठेवता येतो, मग ऑफिसचं एकही नोटिफिकेशन येत नाही. हे मला फार आवडतं.

सेटअप करताना हमखास येणारा प्रश्न: "मॅडम, माझे फोटो दिसणार का तुम्हाला?" मी तोंडी उत्तर देत नाही, माझी स्क्रीनच त्यांच्याकडे वळवते. मला दिसतं ते एवढंच: फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, सिक्युरिटी पॅचची (सुरक्षेच्या दुरुस्तीच्या अपडेटची) तारीख, ऑफिसची अ‍ॅप. गॅलरी नाही, एसएमएस नाही, बँकेचं अ‍ॅप आहे की नाही तेही कळत नाही. अँड्रॉइड 12 पासून तर स्टाफच्या स्वतःच्या फोनचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) सुद्धा अ‍ॅडमिनला मिळत नाही. माणूस नोकरी सोडून गेला की मी 'रिटायर' दाबते. कप्पा जातो, मुलांचे फोटो जागेवर राहतात. फक्त फोन नेटवर यायला हवा, तोवर कमांड थांबून राहते आणि ऑफिसचा डेटा फोनातच असतो. म्हणून कप्प्याला वेगळा पिन सक्तीचा करा.

वायफायचा फायदा मात्र मला सगळ्यात मोठा वाटतो. गोडाऊनच्या भिंतीवर पासवर्ड चिकटवलेला असतो, तो सोडून गेलेल्यांनाही पाठ असतो. आता प्रत्येक फोनला प्रोफाइलबरोबर स्वतःचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) जातं, पासवर्ड कुणाला सांगावाच लागत नाही. ही ओळखपत्रं तपासून वायफायवर घेणारा रेडियस सर्व्हर उभा करायला मेहनत आहे, पण करा. आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासण्याची सेटिंग चालू ठेवा, नाहीतर आपल्याच नावाचं खोटं नेटवर्क उभारून कुणीही आपले फोन त्या नेटवर्कला जोडून घेऊ शकतो. दौऱ्यावर लॉजचं वायफाय वापरतात त्यांच्यासाठी कायम चालू राहणारा व्हीपीएन (इंटरनेटवरचा बंदिस्त, सुरक्षित मार्ग) फक्त ऑफिसच्या कप्प्याला लावता येतो. घरचं ब्राउझिंग त्यातून जात नाही.

त्रासही आहे. काही फोनांचं बॅटरी सेव्हर मागे चालणारी अ‍ॅप मारून टाकतं आणि मेल येत नाही. ती सूट एकेका फोनवर हाताने द्यावी लागते. दुसरी अडचण जास्त गंभीर. जुन्या, स्वस्त फोनांना पॅच येणं थांबतं, मग पॅच जुना झाला की मेल बंद या आमच्या नियमाप्रमाणे मेल बंद होतो आणि एमआर विचारतो, नवीन फोन कोण घेऊन देणार? कामासाठी नियम कंपनी लावते, तर पैसेही कंपनीनेच द्यावेत. मालकांना मी हेच सांगितलंय.

कंपनीने घेतलेल्या फोनला मात्र 'फुल्ली मॅनेज्ड' लावा, म्हणजे फक्त कप्पा नाही तर अख्खा फोन कंपनीच्या ताब्यात राहतो. फॅक्टरी रिसेट करायचा, पहिल्या स्क्रीनवर सहा वेळा टॅप करायचं, क्यूआर स्कॅन करायचा, की पुढचा सेटअप स्क्रीनवरच्या सूचनांप्रमाणे होतो.