पोषण पुनर्वसन केंद्र: दूध उत्तम, पाठपुरावा तोकडा

आमच्या शेजारच्या वस्तीतील पंधरा महिन्यांच्या एका मुलाला जूनमध्ये जिल्ह्यातील एका सरकारी रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागले. अंगणवाडीत त्याच्या दंडाचा घेर १०.९ सेंटिमीटर भरला होता, तो ११.५ च्या खाली गेला की मूल तीव्र कुपोषित धरतात. वजन होते ६ किलो २०० ग्रॅम. त्याच्या आईला लिहिता-वाचता येत नसल्याने कागदपत्रांसाठी मी सोबत गेले आणि पुढे जवळजवळ रोज जात राहिले, म्हणून हा अभिप्राय.

आधी आहाराविषयी, कारण केंद्राची खरी ताकद तीच आहे. पहिल्या दिवसांत दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, एफ-७५ हे पातळ दूध मोजून दिले जाते. दूध, साखर, तेल आणि चुरमुऱ्यांचे पीठ एवढ्यावर ते केंद्राच्या स्वयंपाकघरातच तयार होत होते. १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक आणि प्रथिने जेमतेम एक ग्रॅम. इतक्या हडकुळ्या मुलाला इतके पातळ दूध का, असे आजीने तीनदा विचारले. उपासमारीने मंदावलेले यकृत, मूत्रपिंड आणि हृदय एकदम आलेला भार पेलू शकत नाहीत, हे आहारतज्ज्ञ बाईंनी तिला तिन्ही वेळा न कंटाळता समजावले. त्याबद्दल त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. भूक परतल्यावर हळूहळू एफ-१०० हे अधिक सकस दूध सुरू झाले, ज्यात प्रथिने जवळपास तिप्पट असतात, आणि मग वजन सपाट्याने वाढू लागले.

मुलाला ताप नसतानाही पहिल्याच दिवसापासून अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक सुरू केले, तेव्हा आम्हाला ते अनावश्यक वाटले होते. डॉक्टरांनी सांगितले की अशा मुलाच्या शरीरात जंतुसंसर्ग असला तरी अंग तापेलच असे नसते, कारण ताप आणण्याइतका प्रतिकारही त्याच्यात उरलेला नसतो. लोहाचे औषध मात्र त्यांनी मुद्दाम थांबवून ठेवले होते. मूल सावरण्याआधी दिलेले लोह जंतूंच्या पथ्यावर पडू शकते, म्हणून ते वजन वाढू लागल्यावरच देतात. हात धुण्याची सोय चोख होती. आईला बुडीत मजुरी मिळते. तिची रक्कम उशिरा का होईना, खात्यावर जमा झाली.

माझी तक्रार सुटी देण्याच्या पद्धतीबद्दल आहे. आम्हाला सांगितलेल्या निकषानुसार वजन १५ टक्क्यांनी वाढायला हवे होते, म्हणजे या मुलाचे ७ किलो १३० ग्रॅम. चौदाव्या दिवशी ते ६ किलो ९०० ग्रॅम भरले आणि तरी सुटी मिळाली, कारण खाटा कमी होत्या आणि घरी दुसरे लेकरू असल्याने आईही निघायला उतावीळ होती. कागदावर ‘सुधारणा समाधानकारक’ असा शेरा पडला. दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास वाढ ही खरोखर चांगलीच आहे, पण तराजूला मुलाची प्रतिकारशक्ती दिसत नाही. कुपोषणात छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथी, जिथे जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी परिपक्व होतात, ती आक्रसून जाते. बोलिव्हियातील कोचाबांबा येथे १९९० च्या दशकात उपचार घेणाऱ्या मुलांच्या या ग्रंथीची सोनोग्राफीने मापे घेतली गेली. वजन साधारण महिन्याभरात सावरले, ग्रंथीला मात्र दोन महिने लागले, आणि जस्त दिलेल्या मुलांत ती महिन्याभरात पूर्ववत झाली. म्हणजे मूल गुटगुटीत दिसू लागते, तेव्हाही ते आतून अर्धवटच सावरलेले असू शकते.

केंद्राच्या नियमात सुटीनंतर पंधरा-पंधरा दिवसांनी चार तपासण्या आहेत, म्हणजे बरोबर हेच दोन महिने त्यात येतात. कागदावरची ही आखणी मला फार शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात पहिल्या तपासणीनंतर आम्हाला कुणाचाही निरोप आला नाही, दुसरी पावसात हुकली, आणि सुटीनंतर पाचव्या आठवड्यात मुलाला जुलाब लागून ३०० ग्रॅम वजन गेले. आहार अपुरा पडला की दूषित पाण्याने घात केला, हे मी सांगू शकत नाही; वाडीवरचा हातपंप तेव्हा गढूळच होता. पण त्या आठवड्यात कुणी घरी डोकावले असते, तर ओआरएस आणि जस्ताच्या गोळ्या दोन दिवस आधी मिळाल्या असत्या.

तरीही कुणी विचारले, तर मूल तिथेच न्या असे मी सांगेन, आणि सुटीचा कागद घेताना चारही तारखा मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, आशाताईंचा नंबर त्यावरच टिपून घ्या. जाताना चादर, लहान वाटी-चमचा आणि मोठ्या भावंडाची सोय करून जा. चौदा दिवस आईला हलता येत नाही.

चौथ्या तपासणीला आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. दंडाचा घेर १२.६ सेंटिमीटर भरला, आणि गोवर-रुबेलाच्या लसीची राहिलेली दुसरी मात्राही त्याच खेपेत देऊन झाली.