घरी घासून जुनी केलेली जीन्स : अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

गेल्या मे महिन्यात गडद निळ्या दोन नव्या जीन्स घरीच जुन्या केल्या. एक फक्त घासून, दुसरी ब्लीच लावून. वेंगुर्ल्याचा अख्खा पावसाळा आणि पुढची थंडी दोन्ही आलटून पालटून वापरल्या. आता माझं मत पक्कं आहे: वेळ लागला तरी घासाच, ब्लीचच्या नादाला लागू नका.

डेनिमचे उभे धागे इंडिगो या निळ्या रंगात रंगवलेले असतात, आडवे पांढरेच. त्यात इंडिगो उभ्या धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरवरच बसतो. घासलं की तो थर जातो आणि आतलं पांढरं वर येतं. वर्षानुवर्षं वापरून होतं तेही हेच. ब्लीच रंगासोबत सूतही खातं.

जीन्स घालून खुर्चीत बसले आणि जांघेत पडणाऱ्या चुण्या, गुडघ्यांची जागा खडूने आखून घेतली. हे केल्याशिवाय हात लावू नका. आपल्या अंगावर जिथे झीज होणार तिथेच ती खरी वाटते. मग पायात सुताराकडची अरुंद फळी सरकवली, म्हणजे मागची बाजू घासली जात नाही. मांडीच्या मध्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर, हलक्या हाताने. कडेला येताना २२० नंबरचा बारीक, म्हणजे फिका भाग निळ्यात विरत जातो. खिशांच्या कडांना आणि पट्ट्याच्या लूपना टाच घासायची वजरी उत्तम. पायाची खालची दुमड मी विहिरीवरच्या दगडी डोणीच्या काठावर घासली. कापड कोरडं हवं. खरा रंग धुतल्यावरच कळतो, म्हणून थोडं घासा, धुवा, वाळवा, मग पुढचं ठरवा.

तोंडाला मास्क बांधा, निळी धूळ चांगलीच उडते. कारखान्यांत हाच लूक वाळूचा मारा करून आणत, त्यात कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार झाला आणि तुर्कस्तानने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. विकतची फाटकी जीन्स घेताना हे आठवावं असं मला मनापासून वाटतं.

गुडघ्याची फाट कशी टिकते, हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन आडवे काप दिले, एकमेकांपासून दोन बोटांवर. मधले निळे उभे धागे चिमट्याने एकेक ओढून काढले, की पांढऱ्या आडव्या धाग्यांची जाळी उरते. आतून जुन्या जीन्सचा तुकडा लावून चारी कडांना झिगझॅग टीप मारली. दोन्ही जीन्सना हेच केलं. घासलेलीची जाळी अजून शाबूत आहे, एवढ्या धुण्यांनंतरही. ब्लीचवालीची ऑगस्टमध्येच तुटली, आणि मांडीवरचा पांढरा भाग स्कूटरवर बसताना टरकला. काम झाल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीचचा असर मारला होता, तरी. तिच्यात थोडं इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, होतं, तेही गेलं. आता गुडघ्याला फुगा येतो.

पावसाळ्यात जाड जीन्स पडवीत वाळता वाळत नाही, शिवणींना कुबट वास धरतो. घासलेले भाग आधी सुकतात, कंबरपट्टी आणि खिसे मागे राहतात. म्हणून जून ते सप्टेंबर उलटी करून, खिसे बाहेर काढून, पंख्याखाली वाळत घाला.

तरीही कुणाला ब्लीच वापरायचंच असेल, तर उघड्या अंगणात, हातमोजे घालून. त्यात व्हिनेगर किंवा संडास धुवायचं ॲसिड चुकूनही जाता कामा नये, क्लोरीन वायू सुटतो. आणि आपल्याकडे धुण्याचं पाणी थेट माडाच्या आळ्यात जातं. ब्लीचचं पाणी तिकडे सोडू नका.

घ्यायला जाल तेव्हा आतलं लेबल बघा. शंभर टक्के कॉटन आणि जाड कापड असेल तरच घासायला घ्या. पातळ स्ट्रेच जीन्सवर ८० नंबरचा कागद फिरवला, तर पहिल्याच दुपारी भोक पडेल.