जुना कमोडोर, नवा गेमपॅड: इंदूरमध्ये घेतलेल्या एका ब्लूटूथ अडॅप्टरचे परीक्षण

माझ्या मामांनी १९८६ साली मस्कतहून आणलेला कमोडोर ६४ हा संगणक इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरात आजही चालू स्थितीत आहे. त्याच्याबरोबर आलेल्या जॉयस्टिकने मात्र गेल्या पावसाळ्यात मान टाकली. आतल्या पत्र्याच्या पट्ट्या दोनदा सरळ करून पाहिल्या, पॉलिश पेपरने घासल्या, तरी डावी दिशा काही लागेना. तशीच जुनी जॉयस्टिक परदेशातून मागवायची तर टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून मूळ किमतीच्या वर जातात. घरात मुलाचे गेमपॅड होतेच. म्हणून जेल रोडच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सची कामे करणाऱ्या एका कारागिराकडून साडेअठराशे रुपयांत, ते गेमपॅड कमोडोरला बिनतारी जोडून देणारा ब्लूटूथ अडॅप्टर करून घेतला. तो चार महिने रोज वापरल्यावर हे लिहीत आहे.

अडॅप्टर काडेपेटीपेक्षा थोडा मोठा आहे. त्यातून दोन केबली निघतात आणि त्या संगणकाच्या दोन्ही नऊ पिनांच्या पोर्टांत बसतात. आत ईएसपी३२ चिप असून तिच्यावर ब्लूपॅड३२ हे मुक्त सॉफ्टवेअर चालते, त्यामुळे सोनीचा ड्युअलशॉक ४, निन्टेंडो स्विचचा प्रो कंट्रोलर, एट-बिट-डूचे पॅड असे बरेच प्रकार जोडता येतात. स्वतः करून घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी: चिप मूळ ईएसपी३२च हवी. ईएसपी३२-एस३ ही नवी असली तरी तिच्यात फक्त ब्लूटूथ लो एनर्जी आहे, आणि ड्युअलशॉक ४ जुन्या, क्लासिक ब्लूटूथवर बोलतो; तो तिच्याशी कधीच जोडला जाणार नाही.

जुन्या जॉयस्टिकची रचना फार साधी होती. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि फायर अशी पाच बटणे, आणि प्रत्येक बटण दाबले की आपापली तार ग्राउंडला टेकते. त्या तारेवर स्वतःहून व्होल्टेज कोणीच ढकलत नाही. अडॅप्टरनेही नेमके तेवढेच करायला हवे, कारण कमोडोरमध्ये जॉयस्टिक आणि कीबोर्ड दोन्ही ६५२६ या एकाच चिपच्या पायांवर आहेत. तार जबरदस्तीने पाच व्होल्टवर धरली तर कीबोर्ड वाचण्यात गोंधळ होतो आणि चिपवर ताण येतो. ही चिप आता बहुधा जुन्या मशीनमधून काढलेलीच मिळते, म्हणून मी अडॅप्टर उघडून प्रत्येक तारेवर तिला फक्त ग्राउंडला टेकवणारा ट्रान्झिस्टर आहे याची खात्री करून घेतली. पोर्टच्या उघड्या पिनांना हात लागून बसणाऱ्या स्थिर विजेच्या झटक्यानेही ही चिप जाते. अडॅप्टर एकदा लावला की पोर्टला पुन्हा हात लावावा लागत नाही, आणि इंदूरच्या कोरड्या हिवाळ्यात ही सोय मला फार मोलाची वाटते.

पहिला नमुना मात्र मला परत करावा लागला. त्यात चिपला लागणारी वीज जॉयस्टिक पोर्टच्या सातव्या पिनेवरूनच घेतली होती. त्या पिनेवर पाच व्होल्ट असतात हे खरे, परंतु तिथून ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये अशी कमोडोरची मर्यादा आहे, आणि ब्लूटूथ चालू असताना ईएसपी३२ सहज त्याच्या दुपटीवर जाते. पॅड जोडू लागताच टीव्हीवरचे चित्र थरथरले आणि संगणक पुन्हा पहिल्या निळ्या पडद्यावर आला. दुसऱ्यांदाही तेच झाल्यावर मी तत्काळ वीज बंद केली. कारागिराने तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि आठवड्याभरात वीज यूएसबी चार्जरवरून घेणारा दुसरा अडॅप्टर दिला. तेव्हापासून असा प्रकार एकदाही घडलेला नाही. आपण कोणाकडूनही घ्या, अडॅप्टरला वेगळी वीज आहे की नाही हे पहिल्यांदा पाहा.

आता मुख्य गोष्ट. नव्या गेमपॅडचा खरा लाभ तार गेली यात नाही. उडी स्वतंत्र बटणावर आली यात आहे. त्या काळच्या जॉयस्टिकला फायरचे एकच बटण असल्यामुळे कमोडोरच्या बहुसंख्य खेळांत उडी म्हणजे दांडी वर ढकलणे. १९८७ सालच्या द ग्रेट गियाना सिस्टर्समध्ये धावता धावता खड्डा ओलांडायचा तर दांडी उजवीकडे धरलेली असतानाच तिरकी वर न्यावी लागते, आणि मनगट जरा चुकले की उजवी दिशा सुटून गियाना जागच्या जागी उडते. अडॅप्टरमध्ये एक्स बटण फायरला आणि गोल बटण ‘वर’ या दिशेला जोडलेले आहे. डावा अंगठा उजवीकडे दाबून ठेवायचा आणि उजव्या अंगठ्याने उडी मारायची, इतके सरळ. खेळाच्या दृष्टीने काहीच बदललेले नाही, त्याला तीच ‘वर’ची तार ग्राउंडला टेकलेली दिसते, पण मामांचे मनगट संधिवाताने आखडले आहे आणि त्यांना दहा वर्षांत पार न झालेला टप्पा त्यांनी पहिल्याच रविवारी पार केला. ‘‘अरे, एवढी वर्षं मी बोटांनी नाही, खांद्याने खेळत होतो,’’ असे ते म्हणाले, आणि मला ते शब्दशः खरे वाटते.

सगळ्याच खेळांना ही जोडणी मानवत नाही. इंटरनॅशनल कराटे आठ दिशा आणि फायर दाबून पुन्हा आठ दिशा अशा चालींवर बेतलेला आहे. तिथे चुकून लागलेले गोल बटण फटक्याचा अर्थच बदलते. अडॅप्टरवरच्या बारीक बटणाने ही जोडणी बंद करता येते, आणि कराटेसाठी मी ती बंदच ठेवतो.

दिशांसाठी डी-पॅड, म्हणजे पॅडवरचे अधिकच्या चिन्हासारखे दिशाबटणच वापरावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. पॅडची अ‍ॅनालॉग कांडी गोल फिरते, जुन्या संगणकाला मात्र फक्त लागली किंवा न लागली एवढेच कळते. अडॅप्टर त्या वर्तुळाचे पंचेचाळीस अंशांचे आठ भाग करतो, पण आपण कोणत्या भागात आहोत हे अंगठ्याला जाणवत नाही. कराटेत तिरकी लाथ मारायला जावे आणि साधी पुढची लाथ बसावी, असे कांडीवर वारंवार झाले, डी-पॅडवर क्वचित. त्यातून मुलाच्या पॅडची कांडी झिजून किंचित उजवीकडे कलते. पहिल्या पोर्टमध्ये उजवी दिशा कीबोर्डच्या २ या कळीच्या तारेवर येत असल्याने बेसिकच्या पडद्यावर आपोआप थांबून थांबून २ उमटू लागले. कीबोर्ड बिघडला असे समजून मी संध्याकाळभर कळा पुसत बसलो होतो. कांडी किती कलल्यावर दिशा मानायची, ही मर्यादा वापरणाऱ्याला बदलता यायला हवी होती, आणि ही या अडॅप्टरची सर्वांत मोठी उणीव आहे.

ब्लूटूथमुळे उशीर होतो का, असे मला अनेकांनी विचारले. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर एक चित्र वीस मिलिसेकंदांचे असते आणि बहुतेक खेळ जॉयस्टिक चित्रागणिक एकदाच वाचतात. त्या मोजमापात मला उशीर जाणवला नाही. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीऐवजी सपाट टीव्ही लावला तेव्हा मात्र उशीर लगेच जाणवला, आणि तो टीव्हीचा होता.

स्पेक्ट्रम या त्या काळच्या दुसऱ्या घरगुती संगणकाबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. भारतात डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम प्लस अनेक घरांत होता आणि त्याला जॉयस्टिकचा पोर्टच नव्हता. मागे जॉयस्टिकचा पोर्ट देणारा केम्प्स्टन इंटरफेस लावला की हाच अडॅप्टर त्यात बसतो आणि खेळाच्या सुरुवातीला केम्प्स्टन निवडल्यास सुरळीत चालतो. पॅडलचे, म्हणजे गोल फिरवायच्या खुंटीचे, खेळ मात्र कोणत्याच संगणकावर चालणार नाहीत, कारण पॅडलमध्ये बदलता रेझिस्टर असतो आणि या अडॅप्टरमध्ये त्याची सोय नाही.

केबल जिथे डब्यातून बाहेर येते तिथे तिला आधार नाही, त्यामुळे मी तिथे इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. कारागिराला हे सांगितले आहे आणि कांडीच्या मर्यादेचेही. मामांनी त्यांच्या सुदामानगरातल्या घरासाठी दुसरा अडॅप्टर सांगितला आहे. या दोन्ही सुधारणा त्यात असतील तरच पैसे देईन, असे त्यांनी आधीच कळवले आहे.